ब्रेकमधली हवा

पावसाळा सरल्यावर मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर स्पंजासारखा मऊ लागू लागला, तेव्हा रविवारी सकाळी मी डॉट ४ ब्रेक ऑइलची सीलबंद बाटली घेऊन अंगणात बसलो. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते. त्यामुळे कोरे असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत न उकळणारे ऑइल ओलावा मुरल्यावर बरेच आधी उकळू शकते. ब्रेकमधली हवा काढायला कॅलिपरच्या (चाकाची चकती आवळून धरणाऱ्या भागाच्या) निपलला, म्हणजे ऑइल बाहेर सोडायच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी लावून लिव्हर दाबून धरायचा, निपल किंचित सैल करायचे, बुडबुडे बाहेर पडले की आवळायचे आणि मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम चुकला, तर हवा पुन्हा आत शिरते, आणि माझा तो दोनदा चुकला. हँडलवरच्या डबीतली पातळी मी सतत पाहत होतो; पेट्रोलच्या टाकीवर ओले फडके पसरायचे मात्र राहिले आणि एका थेंबाने रंगाला पोपडा आला.