स्कार्फ, सनकोट आणि कार्डिगन

इंग्रजीत कपड्यांना जी असंख्य नावे आहेत, त्यांतली बरीचशी थंडीपावसाने जन्माला घातली असावीत असे मला नेहमी वाटते. पुलोव्हर, जर्सी, कार्डिगन यांत तिथला माणूस काटेकोर भेद करतो. नागपुरात मात्र या सर्वांना मिळून स्वेटर हा एकच शब्द पुरतो, आणि डिसेंबरात तिबेटी विक्रेत्यांच्या बाजारात पुढून उघडणारा हवा असेल, तर ‘बटनवाला दाखवा’ एवढे म्हटले की भागते. जिथे लोकरीचे कपडे वर्षातून जेमतेम दोन महिने पेटीबाहेर येतात, तिथे त्यांच्यासाठी शब्दांचा एवढा संसार कोण मांडणार?

यांतल्या काही नावांचा उगम तर थेट रणांगणात आहे. 1854 साली क्रिमियाच्या युद्धात बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश घोडदळाने रशियन तोफांवर जी आत्मघातकी धडक मारली, तिचे नेतृत्व लॉर्ड कार्डिगन यांच्याकडे होते, आणि बटनवाल्या स्वेटरला नाव मिळाले ते त्यांचेच. त्यांचे सरसेनापती लॉर्ड रॅग्लन यांचा उजवा हात वॉटर्लूच्या लढाईत गेला होता. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण असलेली बाही आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. उरलेल्या बालाक्लाव्हा गावाने आपले नाव कान, मान झाकणाऱ्या लोकरी टोपीला दिले. तिला आपण माकडटोपी म्हणतो आणि ते नाव मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण घातल्यावर माणूस कसा दिसतो हे त्यात लपवलेले नाही. त्याच 1854 साली डलहौसीने नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा केले. पण आमच्या त्या दुर्दैवाच्या वर्षाची आठवण कोणत्याही कपड्याच्या नावात उरली नाही.

उन्हाळ्याच्या कपड्यांसाठी मात्र इंग्रजांना आपल्याच दारी यावे लागले. पायजमा त्यांनी इथून नेला आणि झोपण्यापुरता ठेवला. धुळीच्या रंगाची खाकी त्यांच्या सैन्याने एकोणिसाव्या शतकात इथेच अंगावर चढवली. मुंबईच्या डोंगरीतले जाडेभरडे सुती कापडही त्यांच्या भाषेत गेले आणि पुढे त्याचे नाव कामगारांच्या पोशाखाला चिकटले. तीच डंगरी आता लहान मुलांच्या दुकानांत चांगल्या भावाने आपल्यालाच विकली जाते.

इंग्रजी शब्द नागपूरच्या उन्हात कसा बदलतो, हे पाहायचे तर स्कार्फकडे पाहावे. बोचऱ्या वाऱ्यापासून गळा जपणारे हे वस्त्र इथे मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या पुढे गेला असताना, डोळे तेवढे उघडे ठेवून चेहऱ्याभोवती गुंडाळले जाते. पुरुष त्याच कामासाठी पांढरा सुती दुपट्टा डोक्याला बांधतात. पण माझे खरे कौतुक आहे ते सनकोटाचे. ऊब देण्यासाठी जन्मलेल्या कोटाचे ऊन अडवणारे हे पातळ, सुती रूप विलायतेच्या हवेत सुचणे कठीणच होते. सीताबर्डीवर त्याचे प्रकार विचारून घ्यावे लागतात: टोपीवाला की बिनटोपीचा, गुडघ्यापर्यंतचा की कमरेपर्यंतचा, आणि गाडीच्या हँडलवर बोटे भाजू नयेत म्हणून पंजावर येणारी बाही हवी की साधी.