ब्रुकवूड: टाटांच्या समाध्या, सैनिकांच्या कबरी आणि बसऱ्यातले आकडे

भारतातनं कोणी लंडनला आलं की टॉवर ब्रिज, राजवाडा, मादाम तुसाद हे सगळं होतंच, पण मी हल्ली सगळ्यांना सांगते की एक दिवस ब्रुकवूडसाठी काढा. कबरस्तान बघायला कशाला जायचं असं घरचे म्हणतात आणि ते साहजिकच आहे, आपल्याकडे स्मशानातनं आलं की आंघोळ केल्याशिवाय घरात कोणी पाऊल टाकत नाही. पण माझे सासरे, आबा, साताऱ्याहून आले होते आणि ते मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले, त्यांना म्हटलं तिथे सैनिकांच्या कबरी आहेत, तर सकाळी सगळ्यांच्या आधी बूट घालून दारात उभे.

वॉटर्लू स्टेशनवरनं साधी लोकल मिळते, पाऊण तासाच्या आत ब्रुकवूड येतं आणि स्टेशनच्या एका बाजूनं बाहेर पडलं की थेट कबरस्तानातच. हे काही योगायोगानं झालेलं नाही. 1848-49 च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये हजारो माणसं गेली, चर्चच्या आवारात पुरायला जागाच उरली नाही, तेव्हा 1852 मध्ये कायदा करून एक कंपनी काढली गेली आणि शहरापासून लांब सरे काउंटीत माळरान घेऊन 1854 मध्ये हे सुरू झालं. एकेकाळी जगातलं सगळ्यात मोठं कबरस्तान होतं, आज दोन लाखांच्या वर माणसं इथे पुरलेली आहेत. आणि त्यांना आणायला वॉटर्लूहून खास ट्रेन असायची, कबरस्तानाच्या आत दोन स्टेशनं, एक अँग्लिकन लोकांसाठी, दुसरं बाकी सगळ्यांसाठी. डब्यात फर्स्ट, सेकंड, थर्ड क्लास, नुसते बरोबर आलेल्या माणसांसाठी नाही तर शवपेट्यांसाठी सुद्धा! बरोबरच्यांना रिटर्न तिकीट, शवपेटीला सिंगल. 1941 च्या एप्रिलमध्ये बॉम्ब पडून लंडनकडचं स्टेशन उद्ध्वस्त झालं आणि ट्रेन बंद झाली ती कायमची.

हे आबांना वाचून दाखवलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मेल्यावर बी क्लास व्हय गं?"

आत शिरल्यावर पहिल्यांदा नजरेत भरतात ती झाडं. रस्त्याच्या दोन्ही कडेला सेकोयाची प्रचंड झाडं आहेत, कबरस्तान सुरू झालं तेव्हाच लावलेली. जुन्या भागात कबरी गवतात बुडालेल्या, कुठे क्रॉस वाकलेला, कुठे अक्षरं झिजून गेलेली.

आपल्या माणसांनी आधी पारशांचा भाग शोधावा असं मला वाटतं. इंग्लंडमध्ये दोखमा, म्हणजे पारशी लोक देह ठेवतात तो मनोरा, नव्हता, त्यामुळे इथे वारलेल्या पारशांसाठी 1860 च्या दशकापासून ब्रुकवूडमध्ये स्वतंत्र जागा आहे. आणि तिथे जमशेटजी टाटा आहेत! 1904 मध्ये जर्मनीत बाड नाउहाइमला ते वारले आणि त्यांना इथे आणलं. धाकटा मुलगा रतन 1918 मध्ये कॉर्नवॉलला वारला तो इथे, थोरली सून मेहेरबाई 1931 मध्ये वेल्समध्ये वारली ती इथे, आणि थोरला मुलगा दोराबजी दुसऱ्या वर्षी बायकोची समाधी बघायला म्हणून मुंबईहून निघाले ते जर्मनीतच बाड किसिंगेनला वारले आणि तेही इथे तिच्याजवळ आले. मेहेरबाईंना ल्युकेमिया होता आणि त्यानंतर दोराबजींनी जे ट्रस्ट केले त्यातनंच पुढे परळचं टाटा हॉस्पिटल उभं राहिलं. आमच्या घरातल्या एका माणसाची ट्रीटमेंट तिथे झाली आहे, त्यामुळे त्या दगडी समाधीपुढे मी चप्पल काढून हात जोडले, तिथे तसं करतात की नाही याचा विचारही मनात आला नाही. जमशेटजींचा भाचा शापुरजी सकलातवाला, जो लंडनमधल्या बॅटरसीतनं कम्युनिस्ट म्हणून पार्लमेंटवर निवडून गेला, त्याच्याही अस्थी इथेच आहेत, म्हणजे गिरणीमालक मामा आणि कामगारांसाठी भांडणारा भाचा एकाच आवारात.

आता लष्करी भाग. तो वेगळा आहे, 1917 मध्ये सुरू केला, कारण लंडन आणि आसपासच्या हॉस्पिटलांत जखमी सैनिक मरत होते आणि त्यांना जागा हवी होती. सदतीस एकर, दोन्ही महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं ब्रिटनमधलं सगळ्यात मोठं, पाच हजारांवर कबरी. जुन्या भागातला तो गवताळ पसारा ओलांडून इथे आलं की एकदम सरळ रांगा लागतात, पांढरट पोर्टलंड दगडाच्या, सगळे दगड एकाच उंचीचे, साधारण 81 सेंटिमीटर. वर रेजिमेंटचं चिन्ह, खाली नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय, आणि एकदम तळाशी घरच्यांनी निवडलेली एक ओळ. कॅनडावाल्यांच्या दगडावर मेपलचं पान. आबा सवयीनं प्रत्येक दगडापाशी थांबून आधी हुद्दाच वाचत होते, मेजर, प्रायव्हेट म्हणजे साधा शिपाई, सार्जंट, परत प्रायव्हेट, आणि मग मला हाक मारून म्हणाले, "बघ, हितं साहेब आन् शिपाई एकाच रांगेत हायेत, दगड बी सारखाच."

कमिशनचा नियमच तो होता, 1917 मध्ये ते स्थापन झालं तेव्हापासून, हुद्दा, जात, धर्म काही बघायचं नाही, श्रीमंतांना मुलाचा देह घरी न्यायची परवानगी नाही आणि मोठा दगड लावायचीही नाही. ज्या कबरस्तानात शवपेटीला फर्स्ट क्लास होता त्याच्या शेजारीच हे. एका दगडापाशी एक माळी गुडघ्यावर बसून गुलाबाच्या बुंध्याशी काम करत होता, त्यानं सांगितलं की दगडाच्या पायाशी ही बुटकी झाडं मुद्दाम लावतात, म्हणजे पावसात माती उडून अक्षरांवर बसत नाही. मला ते फार भावलं, शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या पोराच्या नावावर चिखल उडू नये एवढी काळजी.

अमेरिकनांचा भागही लागूनच आहे, संगमरवरी क्रॉस, 468 कबरी, आणि छोट्या चॅपलच्या भिंतींवर समुद्रात बुडालेल्यांची नावं. पोलिश, झेक, बेल्जियन, इटालियन, सगळ्यांचे आपापले तुकडे आहेत.

आणि मुसलमान सैनिकांचा भाग. पहिल्या महायुद्धात आपले जखमी सैनिक ब्राइटन आणि आसपासच्या हॉस्पिटलांत होते, त्यातल्या हिंदू आणि शीख सैनिकांना ब्राइटनजवळच्या टेकडीवर अग्नी दिला, तिथे आता स्मारक म्हणून पांढरी छत्री आहे, आणि मुसलमान सैनिकांना वोकिंगच्या मशिदीपासून जवळ दफन केलं. पुढे त्या जागेची नासधूस व्हायला लागली म्हणून 1968 च्या सुमारास त्यांना ब्रुकवूडला हलवलं. त्यांचेही दगड तेच, तेवढेच, फक्त वर अरबी अक्षरं. शिपाई, सवार, नाव, पलटण. आबांनी तिथे कडक सॅल्यूट ठोकला, बाकी कुठल्याही रांगेत ठोकला नव्हता.

परत येताना ट्रेनमध्ये त्यांनी जे सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. त्यांच्या आजोबांचा भाऊ लामावर, म्हणजे पहिल्या महायुद्धात लढायला गेला होता, आजच्या इराकमध्ये बसऱ्याकडे, मराठा पलटणीत, आणि आलाच नाही. घरात त्याच्या नावानं सरकारकडनं पितळेची एक गोल चकती आली होती, ती देवघरात होती, पुढे कुठे गेली कोणाला ठाऊक नाही. त्या माणसाला कबर नाही.

मी नंतर वाचलं. 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, पूना डिव्हिजनमध्ये, कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात उपाशी राहून 29 एप्रिल 1916 ला शरण गेल्या आणि कैदेत किती गेले त्याची मोजदाद वेगळीच. कबर नसलेल्यांसाठी बसऱ्याला कमिशनचं मोठं स्मारक आहे, चाळीस हजारांवर माणसांचं, आणि त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, आपल्या ऑफिसरांची नावं आहेत, पण आपल्या साध्या शिपायांचे दगडावर फक्त आकडे. अमुक पलटण, इतके शिपाई. ज्या संस्थेनं सरेमध्ये प्रत्येक प्रायव्हेटचं नाव कोरलं तिनंच. 2021 मध्ये कमिशननं स्वतःच नेमलेल्या चौकशी समितीच्या अहवालात हे मान्य केलं आणि माफी मागितली, आणखी किमान 1 लाख 16 हजार माणसांना, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या, कदाचित त्याहून कितीतरी जास्त, नावानं किंवा अजिबातच स्मरण मिळालं नाही असं त्या अहवालात आहे. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. कुतमध्ये भुकेला कोण शिपाई आणि कोण ऑफिसर हे कळत नव्हतं.

पण एक गोष्ट आहे आणि त्यासाठीच एवढं लांबलचक लिहिलं. कमिशनच्या वेबसाइटवर नावं शोधता येतात, बसऱ्याच्या शिपायांची सुद्धा. इंग्रज कारकुनानं ऐकून लिहिलेली नावं आहेत, त्यामुळे स्पेलिंग काहीच्या काही, जाधवचं जादो, शिंदेचं सिंदे, तर आडनावावर अडून बसू नका, पलटण निवडा, देश भारत निवडा आणि गावाचं नाव टाका. बऱ्याच नोंदींमध्ये बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला आहे, आणि सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे पानोपानी येतात. आबांना त्यांच्या माणसाची नोंद दोन रात्री जागून सापडली, गावाचं नाव चुकलेलं पण बापाचं बरोबर. आता ते बाकीच्या घरांची यादी करतायत, रोज रात्री गावातल्या कोणाकोणाला फोन लावून विचारतात की तुमच्याकडचं लामावर कोण गेलं होतं, आणि ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा आहे की नावं शाळेच्या भिंतीवर दगडात कोरून घ्या. अर्जाचा मसुदा मी टाइप करतेय. तुमच्या गावातनं कोणी गेलं असेल आणि शोधताना अडलात तर मला लिहा, पलटणीचं नाव आणि गाव एवढं असलं तरी पुरतं.