तुम्ही विचारलंत म्हणून: मन घट्ट कसं करता?

रत्नागिरीत भाट्याच्या पुलावर फिरायला येणारे विचारतात, शाळेत पालक विचारतात. परवा एका लग्नात, पानं वाढून झाल्यावर, यजमानीणबाईंनीच गाठलं: “बाई, 50-50 किलोमीटर पळता, मन एवढं घट्ट कसं करता हो?” मी दर वेळी “सवयीने होतं” म्हणते आणि विषय बदलते. ते खोटं आहे. मन घट्ट करायला मला चांगलंच येतं, आणि त्यापायी एकदा मी मरता मरता वाचले.

आधी जे येतं ते सांगते. मी 50 किलोमीटरचा विचारच करत नाही. पुलापासून सुरूबनापर्यंत पळायचं, मग गोळपच्या चढापर्यंत, मग पावसपर्यंत. पुढचं पुढे. चढावर मनातल्या मनात पावलं मोजते, शंभर झाली की पुन्हा एकपासून. पोटऱ्या बोंबलायला लागल्या की त्यांना म्हणते, ऐकलं, चला. एवढंच आहे. यात मंत्रबिंत्र काही नाही.

आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही. 2009 साली सॅम्युएले मार्कोरा या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना आधी 90 मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. हृदय नेहमीसारखंच चालत होतं, पण कष्ट जास्त वाटले म्हणून माणसं लवकर थांबली. हे वाचलं तेव्हा मी हरखून गेले होते. दमणं म्हणजे निव्वळ मनाचं थोतांड, असा सोयीचा अर्थ मी काढला. संशोधकाने तसं म्हटलेलंच नव्हतं.

तो ऑक्टोबर होता. पूर्णगडपर्यंत जाऊन परत यायचं, कमी पडतील ते किलोमीटर गावातल्या रस्त्यांवर भरायचे आणि 50 पुरे करायचे. पहाटे चारला निघाले. हे स्कूटरवर, मागे अकरा वर्षांची लेक मांडीवर बाटल्यांची पिशवी घेऊन. आपल्याकडचा ऑक्टोबर तुम्हाला माहीत आहे. घाम निथळतो पण वाळत नाही, आणि वाळला नाही की अंग निवत नाही. “तहान लागायच्या आधी प्या” हे मी कुठेतरी ऐकलेलं, म्हणून दर पंधरा मिनिटांनी पीत होते. साधं पाणी.

परतीला पावसच्या अलीकडे अंगठी बोटात रुतायला लागली. पोटात पाणी डुचमळत होतं, मळमळत होतं, डोकं ठणकत होतं. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी प्यायले. रस्त्याकडेला गवत बांधणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “गो बाय, बस जरा सावलीत. तोंड बघ कसं सुजलंय तुझं.” मी हात हलवून पुढे गेले. ऐन वेळेला थांबवणारं कोणीतरी भेटतंच, त्याला जिंकायचं असतं, अशी माझी समजूत होती. यांनी दोनदा “बस झालं” म्हटलं. मी यांच्यावर खेकसले.

मग लेकीकडे बाटली मागितली. ती म्हणाली, “बाबा नको म्हणालेत.” मी पुन्हा मागितली. तिसऱ्यांदा मी तिच्याकडे असं बघितलं की तिने मुकाट्याने दिली.

भाट्याच्या उतारावर तिने “आई” अशी हाक मारली आणि मी तिला विचारलं, “तू कोणाची ग?”

पुढचं मला आठवत नाही. रिक्षात फिट आली म्हणतात. दवाखान्यात सोडियम 119 निघालं, खरं ते 135 च्या वर हवं. वजन सकाळपेक्षा दीड किलोने जास्त. पाणी कमी नव्हतंच, एवढं जास्त झालं होतं की रक्तातलं मीठ विरळ झालं आणि मेंदूला सूज आली. मी एकटीच अशी नाही. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यात 13 टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. पळताना ज्यांचं वजन वाढलं आणि ज्यांना चार तासांहून जास्त लागले, त्यांच्यात ते अधिक. माझ्यासारखी सावकाश पळणारी, भरपूर पिणारी माणसं.

तिसऱ्या दिवशी लेकीने विचारलं, “मी शेवटची बाटली दिली म्हणून झालं का ते?”

मी नाही म्हटलं. दहा वेळा म्हटलं. तिला पटलंय की नाही, मला आजही कळत नाही.

यावर “तरी पळता?” म्हणणारे आहेत. पुरुष कोसळला तर त्याची जिद्द, आणि बाई कोसळली तर पोरीचा विचार करायला हवा होता. मला हे मान्य नाही. पण पोरीचा विचार करायला हवा होता, हेही खरंच आहे. दोन्ही एकदम कसं खरं, ते मला विचारू नका.

तेव्हाची मी आजच्या मला भित्री म्हणते. तिचं अगदीच चुकतं असं मला म्हणवत नाही. त्याच मनाने मला पहिल्यांदा 42 किलोमीटर पळवलं होतं, तेव्हाही अंग थांब थांब म्हणतच होतं. कुठलं थांब ऐकायचं आणि कुठलं नाही, हे आतून सारखंच ऐकू येतं.

म्हणून आता दुसऱ्या कोणाला तरी विचारते. तहान लागली तरच पिते. निघण्याआधी वजन वहीत, आल्यावर वजन वहीत, आणि वही लेकीकडे. दर दहा किलोमीटरला ती मला सतराचा पाढा उलटा म्हणायला लावते. अडखळले तर स्कूटरवर बसायचं, वाद नाही.

गेल्या रविवारी 30 किलोमीटरला, गोळपच्या सड्यावर, मी एकशे छत्तीसपाशी थांबले. पुढचा आकडा येईना. पाय चांगले होते, श्वास चांगला होता, बोटं सुजलेली नव्हती. मी म्हटलं, “थांब, सांगते.” तिने वही मिटली आणि स्कूटरवर पुढे सरकून मागे जागा केली.

मी बसले. घरी येऊन वजन केलं, एक किलो कमी भरलं, म्हणजे सगळं ठीक होतं. अजून वीस सहज झाले असते. दुपारभर मी कोणाशी बोलले नाही.