कॉर्डलेस हत्यारांची बॅटरी: आकडे सोडा, आधी आतले सेल मोजा

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत किंवा शाहूपुरीत कॉर्डलेस ड्रिल बघायला गेलं की काउंटरवर बोलणं सुरू होतं ते टॉर्क आणि आरपीएमवर. पैसा मात्र अडकतो बॅटरीत. नीट वापरलेली मोटर वर्षानुवर्षं चालते. पॅक काहीशे चार्जनंतर उतरू लागतो, आणि नवा पॅक त्याच कंपनीचा, त्याच मालिकेचा घ्यावा लागतो. म्हणून निवड बॅटरीपासून सुरू करावी, हत्यार त्यानंतर.

पहिला घोळ व्होल्टचा. लिथियम-आयन सेल सरासरी ३.६ व्होल्टचा असतो, पूर्ण भरला की ४.२ चा. असे पाच सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, जोडले की १८ व्होल्ट होतात, भरल्यावर २१. म्हणजे ‘१८ व्होल्ट’, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘२१ व्होल्ट’ या एकाच मालाच्या तीन पाट्या आहेत. १२ व्होल्टच्या हत्यारात तीन सेल असतात, ते खरे १०.८. स्वस्त पॅकवर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असं छापलेलं असतं. आत तेच पाच सेल निघतात. त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

खरी साठवण वॅट-तासांत मोजायची: व्होल्ट गुणिले एएच (अँपिअर-तास). १८ व्होल्ट ४ एएच म्हणजे ७२ वॅट-तास. किमतीला या आकड्याने भागा. समजा २ एएचचा पॅक ३,००० रुपयांना आहे आणि ५ एएचचा ६,५०० ला. पहिल्यात वॅट-तासाला सुमारे ८३ रुपये पडतात, दुसऱ्यात ७२. मोठा पॅक महाग दिसतो, पण पडतो स्वस्त.

एएचचा छापील आकडा खरा आहे का, हे वजनकाट्यावर बऱ्यापैकी कळतं. १८६५० जातीचा सेल, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, सुमारे ४५ ग्रॅमचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त साडेतीन एएच मावतात. २१७०० जातीचा सेल ७० ग्रॅमच्या आसपास असतो, त्यात साधारण ५ एएचपर्यंत. पाच सेलचा साधा पॅक प्लॅस्टिकच्या आवरणासकट साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरतो, दहा सेलचा (पाच-पाचच्या दोन रांगा, म्हणून एएच दुप्पट) सहाशेच्या पुढे. ‘६ एएच’ लिहिलेला पॅक चारशे ग्रॅमच्या आत भरला, तर लेबल खोटं आहे. आणखी खात्री हवी असेल तर चार्जर प्लगमधल्या वीजमापकावर लावा. रिकामा ७२ वॅट-तासांचा पॅक भरताना सॉकेटमधून ८५ ते ९० वॅट-तास घेतो. पन्नासलाच हिरवा दिवा लागला तर माल कमी आहे किंवा म्हातारा झाला आहे.

सेलची संख्या साठवणीपेक्षाही ताकदीसाठी महत्त्वाची, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही. प्रत्येक सेलला आतला रोध असतो. चांगल्या पॉवर सेलला २० मिलिओहम धरा. पाच सेलच्या रांगेत तो ०.१ ओहम होतो. चार इंची ग्राइंडर दाबून चालवला की ३० अँपिअर सहज ओढतो, म्हणजे ३ व्होल्ट पॅकमध्येच पडतात आणि ९० वॅटची उष्णता सेलमध्ये तयार होते. दहा सेलच्या पॅकमध्ये दोन रांगा समांतर असतात. रोध निम्मा, पडझड दीड व्होल्ट, उष्णता ४५ वॅट, तीही दुप्पट सेलमध्ये वाटलेली. २ एएचच्या पॅकवर ग्राइंडर मधेच बंद पडतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा मशीनचा नसतो. ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हरला पाच सेल पुरतात, हातालाही हलके पडतात. ग्राइंडर, सर्क्युलर सॉ, रोटरी हॅमर यांना दहा सेलचा किंवा २१७०० चा पॅकच घ्या.

ग्राइंडरचा हिशेब आणखी पुढे करून बघा. ५०० वॅटच्या ओढीवर ७२ वॅट-तास जेमतेम साडेआठ मिनिटं पुरतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत दिवसभर फेटलिंग, म्हणजे ओतकामावरचा जादा धातू घासून काढायचं काम, करायचं असेल तर वायरीचं किंवा हवेवरचं मशीनच परवडतं. कॉर्डलेस ग्राइंडर साइटवर चार कट मारण्यासाठी.

चार्जरकडे किट घेताना लक्षच जात नाही. एएच भागिले चार्जरचे अँपिअर हा वेळेचा ठोकताळा. शेवटचा टप्पा सावकाश भरतो, म्हणून वर थोडा वेळ धरा. ४ एएचच्या पॅकला २ अँपिअरचा चार्जर सव्वादोन-अडीच तास घेतो, ४ अँपिअरचा तासाभरापेक्षा थोडा जास्त. मकिताचा डीसी१८आरसी ९ अँपिअर देतो, ३ एएचचा पॅक सुमारे २२ मिनिटांत भरतो आणि पंख्याने पॅक गारही करतो, २.६ अँपिअरच्या डीसी१८एसडीला तोच पॅक भरायला तास लागतो. फर्निचरवाल्या मिस्त्रींना ४ एएचचे दोन पॅक आणि ४ अँपिअरचा चार्जर हा संच सर्वांत किफायतशीर वाटतो: एक हातात, एक चार्जिंगला. घरगुती वापराला २ अँपिअर पुरे.

गरम पॅक लगेच चार्जरला लावू नका. चांगला चार्जर तापमान उतरेपर्यंत थांबतो, साधा तसाच भरत राहतो आणि सेलचं आयुष्य खातो. एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत पॅक ठेवणंही तितकंच वाईट. महिनाभर काम नसेल तर अर्धा भरून सावलीत ठेवा. मल्टिमीटरवर १८ व्होल्टच्या पॅकला २०.५ च्या वर दिसलं तर तो भरलेला, १५ च्या खाली गेला तर लगेच चार्ज करा. १२.५ च्या खाली गेलेला पॅक चार्जरने नाकारला, तर दुसऱ्या पॅकची वायर लावून ‘उठवू’ नका. अतिरिकामा झालेला सेल आतून शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो.

खरेदीत मालिका बघून घ्या. बॉशचा निळा (व्यावसायिक) आणि हिरवा (घरगुती) १८ व्होल्ट पॅक एकमेकांत बसत नाही. मकिताचा एलएक्सटी आणि जी-सिरीजही वेगळे. अडॅप्टरवर दुसऱ्या कंपनीचा पॅक चालवणं धोक्याचं, कारण काही मालिकांत व्होल्टेज उतरल्यावर पुरवठा तोडण्याचं काम हत्यार करतं. अडॅप्टर तो सिग्नल नेत नाही आणि सेल नको तितका रिकामा होतो. पॅकवरची उत्पादन तारीख वाचा, वर्षापेक्षा जुना माल सवलतीशिवाय घेऊ नका. जीएसटीचं पक्कं बिल मागा. वॉरंटीला ते लागतं.

सेल बदलून घ्यायचे असतील तर कारागिराला तीन गोष्टी विचारा. सेल हाय-ड्रेन, म्हणजे जास्त करंट देणारे, आहेत का, कारण लॅपटॉपचे सेल ड्रिलच्या ओढीला तापतात. सगळे नवे आणि एकाच जातीचे आहेत का. एक कमजोर सेल बाकीच्यांना घेऊन बुडतो. आणि सेल जोडणारी पट्टी शुद्ध निकेलची आहे का: तुकडा कानशीने घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, तांबूस गंज आला तर आत लोखंड आहे. जोड स्पॉट वेल्डचाच हवा. सोल्डरिंगच्या उष्णतेने नवा सेल तिथेच खराब होतो.

निकामी पॅकच्या टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावून तो ई-कचरा घेणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. घंटागाडीत टाकलेला पॅक दाबला गेला तर गाडीतच पेटतो.