चारशेवीस मतं

मी अटलांटात टूर व्हॅन चालवतो, म्हणजे ड्रायव्हर पण मीच आणि गाईड पण मीच. गिऱ्हाईक बहुतेक आपलेच सीनियर सिटिझन, मुलाकडे सहा महिने आलेले आणि मुलगा-सून ऑफिसला गेले की घरात बसून वैतागलेले. कोकाकोलाचं म्युझियम, मत्स्यालय, एखादा मॉल, झाला दिवस. प्लेन्सला कोण जातंय, अडीच तास लांब आणि गाव जेमतेम सहाशे वस्तीचं. पण 2022 च्या उन्हाळ्यात एक काका अडूनच बसले, रिटायर्ड नायब तहसीलदार. "मला जिमी कार्टरचं गाव बघायचंय." कार्टर म्हणजे अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष, प्लेन्स त्याचं गाव. बाकी सहा जणांना पण त्यांनीच पटवलं, आणि मी माझी कोरोनाआधीची तयार टेप घेऊन निघालो.

टेप अशी: शेंगदाण्याचा शेतकरी, 1976 ला राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फोर्डला 297 विरुद्ध 240 इलेक्टोरल मतांनी (राज्यांच्या प्रतिनिधींची मतं) हरवलं, मग इराणमध्ये ओलीस धरलेले अमेरिकन, मग 1980 ला रेगनने 489 विरुद्ध 49 असा साफ धुतला. "डिपॉझिट गेलंच म्हणायचं," मी माझा ठरलेला जोक मारला. कोणी हसलं नाही. मागून काका म्हणाले, "हे सगळं आम्ही तेव्हाच पेपरात वाचलंय रे. बासष्टचं सांग."

बासष्ट? मी आरशात बघितलं. खरं सांगतो, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"अरे इथं राहतोस ना तू?" असं म्हणून माईकच घेतला त्यांनी. 1962, कार्टर 38 वर्षांचा, पहिलीच निवडणूक, जॉर्जिया राज्याच्या सिनेटसाठी पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायची निवडणूक. क्विटमन नावाच्या छोट्या काउंटीत, म्हणजे आपल्या तालुक्यासारख्या भागात, जो हर्स्ट नावाचा दादा. बूथ कोर्टाच्या इमारतीत, मतदानाला आडोसाच नाही, माणसांनी त्याच्यासमोर काउंटरवर उघड्यावर मत द्यायचं. कार्टर 139 मतांनी पडला. पण मतदान करून गेलेली माणसं 333 आणि पेटीत मतं किती? काका थांबले. "चारशेवीस. मी बनवून नाही सांगत, खरोखर 420!" व्हॅनमध्ये असा हशा झाला की माझी एक्झिट चुकता चुकता राहिली.

पुढचं तर भारीच. मतदारांच्या यादीत शंभरावर नावं ओळीने एबीसीडीप्रमाणे मतदान करून गेलेली, शाळेत हजेरी घेतल्यासारखी, आणि त्यात काही मेलेली माणसं. एका पत्रकाराने हे खणून काढलं, कार्टर कोर्टात गेला, पेटी उघडली आणि जागा शेवटी त्यालाच मिळाली. काका म्हणाले, "आमच्याकडे केंद्राध्यक्षाचा मतांचा हिशेब एका मताने जरी जुळला नाही तरी रात्री दोनपर्यंत घाम फुटायचा, आणि इथे सत्त्याऐंशी जास्त!" आणि हाच माणूस म्हातारपणी दुसऱ्या देशांत बूथ बघत फिरला, 1989 ला पनामात मतमोजणीत घपला झाला हे याने जाहीर सांगितलं. मी अकरा वर्षं ही गाडी चालवतोय आणि हे मला गिऱ्हाईक सांगतंय.

प्लेन्स म्हणजे दुकानांची एक रांग आणि रेल्वेचं लाकडी स्टेशन, 1976 चं प्रचार कार्यालय तेच, कारण म्हणे गावात संडास असलेली तेवढीच मोकळी इमारत होती. शेंगदाण्याचं आइस्क्रीम खाल्लं. मग वुडलँड ड्राइव्हवरून गाडी हळू नेली. तेव्हा कार्टर दांपत्य हयात होतं, कुंपण, पहारा, झाडांमुळे धड काही दिसलं नाही. 1961 ला बांधलेलं दोन बेडरूमचं बैठं घर, आयुष्यात मालकीचं घर हे एवढंच. आता दोघं तिथेच आवारात विसावलेत. एक काकू म्हणाल्या, "आमच्या नगरसेवकाचा बंगला बघितलायस का?" त्या विक्रोळीच्या. कार्टरची आई लिलियन 1966 ला, वयाच्या 68 व्या वर्षी, पीस कोअरमधून (परदेशात स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकी सरकारी संस्था) नर्स म्हणून त्यांच्याच विक्रोळीत येऊन राहिली होती हे मी सांगितलं (हे मात्र मला माहीत होतं, हुश्श) तर काकूंनी पहिले पाच मिनिटं विश्वासच ठेवला नाही.

नारूचं, म्हणजे पायातून लांब जंत बाहेर येतो त्या रोगाचं, पण सांगितलं, कार्टरच्या संस्थेने काम हातात घेतलं तेव्हा जगात पस्तीसेक लाख रोगी होते आणि आता वर्षाला बोटांवर मोजण्याइतके. दुसऱ्या काकू मराठवाड्यातल्या, त्यांनी नुसतं "नारू" ऐकलं आणि पोटरी चोळली. त्यांच्या आजीच्या पायातून काडीवर गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचे म्हणाल्या, तुटला तर पाय सुजायचा, आणि सगळं त्या पायऱ्यांच्या विहिरीच्या पाण्याने.

शेवटी प्लेन्सजवळच्या आर्चरीतलं कार्टरचं लहानपणीचं घर. आधी ना वीज ना नळ, 1935 ला पवनचक्की बसली तेव्हा पाणी आलं. न्हाणीत वर एक पत्र्याचा डबा टांगलेला, तळाला खिळ्याने भोकं पाडलेली, हाच शॉवर. काका त्या डब्याखाली मान वर करून बराच वेळ उभे. "आमच्या वडिलांनी डालडाच्या डब्याचा केला होता," एवढंच बोलले, फोटो पण नको म्हणाले.

रात्री साडेआठला घरी सोडलं. मुलगा दारातच होता, विचारलं, "काय बाबा, व्हाइट हाऊसवाल्याचं घर कसं होतं?"

काका चपला काढत म्हणाले, "शॉवर आपल्यासारखाच होता रे."