बंदूक कोणी काढून घ्यायची?

अमेरिकेतल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या खटल्यांविषयी वाचताना मी पुन्हा पुन्हा कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक या गावापाशी येऊन थांबते. जून १९९९ मध्ये तिथल्या एका स्त्रीजवळ पतीविरुद्ध न्यायालयाचा संरक्षण आदेश (त्याने तिला व मुलांना त्रास देऊ नये, असा हुकूम) होता आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी प्रत्येक वाजवी मार्ग वापरावा, अशी पोलिसांना उद्देशून सूचनाही त्यावर छापलेली होती. २२ जूनच्या संध्याकाळी विभक्त पतीने घराबाहेर खेळणाऱ्या तीन मुलींना परस्पर नेले. थोरली १० वर्षांची, धाकटी ७ वर्षांची. आईने साडेसातच्या सुमारास पोलिसांना कळवले, तेव्हा दहापर्यंत वाट पाहा असे उत्तर मिळाले. दहानंतर विचारले, तेव्हा मध्यरात्रीपर्यंत थांबायला सांगितले गेले. शेवटी ती स्वतः ठाण्यात गेली. तक्रार लिहून घेणारा अधिकारी त्यानंतर जेवायला निघून गेला. पहाटे ३ वाजून २० मिनिटांनी पतीने ठाण्यासमोर येऊन गोळीबार केला आणि तो पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींचे मृतदेह होते. पिस्तूल त्याने त्याच संध्याकाळी विकत घेतले होते.

आईने दाद मागितली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितले की, पोलिसांकडून आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नाही. हा निकाल मला आजही पटत नाही. २०११ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाने (उत्तर व दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या संघटनेच्या आयोगाने) अमेरिकेला दोषी ठरवले, पण आयोगाच्या शिफारशी पाळायला तिथली न्यायालये बांधील नाहीत.

अशा आदेशाखाली असलेल्या व्यक्तीने बंदूक बाळगू नये, असा केंद्रीय कायदा तिथे १९९४ पासून आहे आणि २०२४ च्या रहिमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी तो वैध ठरवला. या निकालाचे मी मनापासून स्वागत केले. संशोधक जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासानुसार, छळ करणाऱ्या पुरुषाच्या हाती बंदूक येऊ शकत असेल, तर स्त्रीच्या हत्येचा धोका सुमारे पाचपट होतो.

तरीही मनाई करणे आणि बंदूक प्रत्यक्ष ताब्यात घेणे यांत मोठे अंतर आहे. केंद्रीय कायदा बंदूक बाळगायला बंदी घालतो, मात्र ती कोणाकडे, किती तासांत जमा करायची याची कार्यपद्धती तो ठरवत नाही. ते प्रत्येक राज्यावर सोडलेले आहे. कोलोरॅडोने तसा कायदा केला तो २०१३ मध्ये. शिवाय प्रतिवादीला नोटीस आणि सुनावणीची संधी मिळाल्यानंतरच ही बंदी लागू होते, त्यामुळे एकतर्फी दिलेला तात्पुरता आदेश तिच्या कक्षेत येत नाही. स्त्रीने घर सोडून न्यायालयात धाव घेतल्यानंतरचे पहिले दिवस सर्वांत धोक्याचे असतात, आणि नेमके तेच दिवस या कायद्याबाहेर राहतात. तात्पुरता आदेश देतानाच न्यायाधीशाने घरात किती बंदुका आहेत हे विचारावे आणि त्या जमा करून घेण्याची मुदत व जबाबदार अधिकारी आदेशातच लिहावा, असे माझे ठाम मत आहे.