मोकळ्या स्टेजवर एक टेपरेकॉर्डर

भाच्यानं लावलेल्या गाण्यांच्या सिनेमात आधी दिसतात ते नुसते पाय. पांढरे बूट घातलेला एक माणूस माइकपर्यंत चालत येतो, हातातला टेपरेकॉर्डर खाली ठेवतो आणि सांगतो की मला एक टेप वाजवून दाखवायची आहे. बटण दाबतो. गिटार गळ्यात आहेच. मागे मात्र काहीच नाही. पडदा नाही, झालर नाही, विंगा नाहीत. थिएटरची उघडी भिंत, एक शिडी, इकडेतिकडे पडलेलं सामान.

मी भाच्याला म्हटलं, "अरे, सेट लागायच्या आधीच तिसरी घंटा दिली का यांनी?"

"मामा, तीच तर गंमत आहे. तू गप बघ ना."

मी गेली सव्वीस वर्षं मराठी नाटकांना बॅकस्टेज करतो. सुरुवातीला लेव्हली, म्हणजे सेटचे लाकडी चौथरे, उचलायचो, आता लाईट बघतो. रात्रीचा प्रयोग सुटला की सेट उतरवायचा, टेम्पोत भरायचा आणि दादरहून शेवटच्या गाड्यांपैकी एक पकडून भांडुप. इंग्रजी गाण्यांशी माझा संबंध एवढाच की आमचा साउंडवाला आवाज तपासायला कुठलंतरी इंग्रजी गाणं लावतो. त्यामुळे टॉकिंग हेड्स हा अमेरिकेतला बँड मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. भाचा आणि त्याचं टोळकं मात्र पक्कं भक्त. हा सिनेमा, 'स्टॉप मेकिंग सेन्स', १९८४ सालचा. डिसेंबर १९८३ मध्ये हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरमध्ये झालेल्या त्यांच्या प्रयोगांचं चित्रण, दिग्दर्शक जोनाथन डेमी. २०२३ मध्ये त्याची साफसूफ केलेली नवी प्रत आली आणि तेव्हापासून ही पोरं येडी झालीत.

तर तो टेपरेकॉर्डर. गाणं संपल्यावर भाच्यानं मला हळूच सांगितलं की त्यातून काही वाजतच नव्हतं. ठेका येत होता रोलँडच्या ८०८ नावाच्या ड्रम मशीनमधून, थेट साउंडच्या टेबलावरून. तो हे एखादं गुपित फोडल्यासारखं सांगत होता. मला हसू आलं. अरे बाबा, आमच्या नाटकातला फोन काय टेबलावर वाजतो? तो साउंडवाल्याकडेच वाजतो. एकदा आमचा साउंडवाला आजारी पडला आणि ऐनवेळी मला तिथं बसवलं. नायिकेनं रिसीव्हर उचलला, "हॅलो" म्हणाली, आणि मला बंद करायचं बटण सापडेना. घंटा चालूच. बाल्कनीतून आवाज आला, "ताई, दुसरा उचला, दुसरा!" प्रयोगानंतर नायिका आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

तेव्हापासून मला स्टेजवरच्या खोट्या वस्तूंबद्दल फार आदर आहे. हा पांढऱ्या बुटांतला गायक, डेव्हिड बर्न, त्या मशीनचे ठोके गोळीबारासारखे सुटतात तेव्हा स्टेजभर धडपडतो, पाय लटपटतात. टेपरेकॉर्डर मात्र जागच्या जागी. ह्याला म्हणतात प्रॉपर्टी, म्हणजे स्टेजवरची वस्तू, वापरणं.

दुसरं गाणं 'हेवन', संथ. आता बास गिटारवर टीना वेमथ आलेली. आणि दोघं वाजवत असताना, भर उजेडात, मागून काळ्या कपड्यातली माणसं चाकांचा प्लॅटफॉर्म ढकलत आणतात. त्यावर ड्रम. मी भाच्याला म्हटलं, थांब, मागे घे. त्यानं घेतलं. पुन्हा म्हटलं, मागे घे. तिसऱ्यांदा तो वैतागला, "मामा, गाणं ऐक ना!"

गाणं कसलं ऐकतोस, चाकं बघ. कुठं अडकत नाहीत, हिसका नाही. ती माणसं वाकून पळत नाहीत, लपत नाहीत. आमच्याकडे ब्लॅकआऊट होतो, पंधरा सेकंदांत सोफा आत आणि देव्हारा बाहेर, आणि दिवा लागायच्या आत आपण दिसता कामा नये. दिसलो तर ती चूक. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे ते अशाच एका अंधारामुळे. एका जुन्या नाट्यगृहाच्या स्टेजची फळी उचकटलेली होती, लेव्हलीचं चाक तिच्यात बसलं, मी हात घातला आणि पलीकडून दोघांनी जोर लावला. ओरडायची सोय नव्हती, पहिल्या रांगेला ऐकू गेलं असतं. अंगठा तोंडात धरून मी विंगेत बसलो आणि पुढचा क्यू उजव्या हातानं दिला.

इथं सेट लावणं हाच खेळ आहे. एकटा माणूस, मग दोघं, मग ड्रमवर ख्रिस फ्रँट्झ, मग जेरी हॅरिसन, इथपर्यंत बँडचे चौघं. मग गायिका, तालवाद्यं, कीबोर्ड. 'बर्निंग डाउन द हाउस' हे गाणं येईपर्यंत नऊ जण झाले आणि तोवर स्टेजही भरलं. आमच्या कोकणात दशावतारी एक बाकडं टाकून रात्र काढतात, त्यामुळे मोकळ्या स्टेजचं मला नवल नाही. पण ते भरत कसं जातं हे प्रेक्षकाला समोर बसवून दाखवायचं, हे कुणाला सुचलं असेल?

नऊ कशाला, चार पुरले नसते का, असं मी विचारलं. त्यावर भाच्यानं चांगलं समजावलं. तो ढोल पथकात आहे. म्हणाला, १९८० चा त्यांचा 'रिमेन इन लाइट' हा अल्बम बघ. नायजेरियाच्या फेला कुटीचं संगीत ऐकून त्यांच्या डोक्यात आलं की सूर बदलत बसायचं नाही, प्रत्येकानं एक छोटासा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा, आणि असे तुकडे एकावर एक चढवायचे. सोबतीला निर्माता ब्रायन ईनो. स्टुडिओत थर चढवता येतात, स्टेजवर तेवढे हात लागतात. "आपल्या पथकात कसं, एकेकट्याचा ढोल ऐकलास तर कंटाळशील. चाळीस एकदम वाजले की पोटात हलतं." हे मला पटलं. नंतर 'वन्स इन अ लाइफटाइम' ऐकताना पायाचा अंगठा आपोआप हलायला लागला.

लाईटबद्दल लिहिलं नाही तर माझं पोट दुखेल. माणसांवर जवळजवळ सगळा पांढराच लाईट. जिलेटिनचे रंगीत कागद नाहीत! आमच्या व्यवसायात दुःख आलं की निळा, खून झाला की लाल. निर्मात्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. इथं एका गाण्यात लाईट खालून मारलाय, जुन्या संगीत नाटकांच्या फूटलाईटसारखा, आणि त्या ओळखीच्या चेहऱ्यांची भुतं झालीत. दुसऱ्या गाण्यात घरातला उभा दिवा स्टेजवर आणलाय. बर्न त्याच्याशी नाचतो, तो कलंडवतो आणि पडता पडता झेलतो. एक दिवा, बास. मागच्या पडद्यावर इंग्रजी शब्द झळकवतात तो भाग मात्र मला उगाच वाटला. भाच्याला हे मान्य नाही.

मग तो प्रसिद्ध कोट. त्याआधी बर्न गायब होतो आणि टीना-ख्रिस हे नवरा-बायको आपल्या दुसऱ्या बँडचं, टॉम टॉम क्लबचं गाणं म्हणतात. पोरं म्हणाली, वा, किती मोठं मन, त्या दोघांनाही संधी दिली. मी म्हटलं, मन बिन काही नाही, तो आत कपडे बदलतोय. मागे सेट बदलायचा किंवा नटाला शालू नेसवायचा असला की पडद्यापुढं दोन विनोदी पात्रं सोडायची, हे आपल्याकडे शंभर वर्षं चालू आहे. टोळकं एकमेकांकडे बघायला लागलं. एवढ्या वेळा बघून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं म्हणे.

कोट म्हणजे कपाटच. जपानच्या 'नो' नावाच्या पारंपरिक नाटकांतल्या वेशावरून सुचलेला. बर्नचं म्हणणं असं की त्याला डोकं लहान दिसायला हवं होतं, आणि त्याचा सोपा उपाय म्हणजे अंग मोठं करणं. टोळक्यातला एक जण त्या दिवशी वडिलांच्या लग्नातला सूट घालून आला होता, खांद्यांत दोन उशा कोंबून. गाणं लागलं तसा उठून हलायला लागला. पंख्याला बाही अडकता अडकता राहिली. एक मुलगी बास शिकतेय, टीनामुळे. टीनाला म्हणे बास येतच नव्हता. बँडला कुणी मिळेना म्हणून ती शिकली.

हा त्यांचा शेवटचा मोठा दौरा ठरला. पुढं अल्बम आले, भांडणं झाली, १९९१ मध्ये बँड मोडल्याचं जाहीर झालं. नाटक कंपन्या फुटतात तसंच. २०२३ मध्ये नव्या प्रतीच्या निमित्तानं चौघं टोरांटोला एका मंचावर बसले, पण वाजवलं नाही.

गेल्या रविवारी पार्ल्याला दीनानाथमध्ये चारचा प्रयोग होता. भाचा म्हणाला, मी येतो. पासासाठी म्हणतोय असं मला वाटलं, तर पठ्ठ्या सकाळी अकराला हजर. सेट लागताना बघायचा होता. मी म्हटलं, बघत काय उभा राहतोस, त्या लेव्हलीचं दुसरं टोक धर. त्यानं धरलं. चार पावलांत धाप लागली, आणि ठेवली तीही खुणेच्या वीतभर बाहेर. मी काही बोललो नाही. तोच खाली वाकला, फरशीवरची खडूची खूण बघितली आणि एकट्यानं ढकलून ती लेव्हल जागेवर आणली.

"अंगठा बाजूला ठेव," एवढंच मी म्हटलं.